राखून ठेवलेली हाक

एका तळ्याच्या काठी, जिथे गवत संपून खडकाळ माळ सुरू होतो, तिथे एक टिटवी आपल्या चार पिल्लांसह राहत असे. तिचे घर म्हणजे जमिनीतला एक उथळ खळगा आणि त्याच्याभोवती मांडलेले खडे. घराला दार नव्हते की छप्पर नव्हते. पिल्लांचे बाबा दिवसभर माळाच्या दुसऱ्या टोकाला पहारा करीत, कारण तिकडून कोल्हा येण्याची भीती असे. त्यामुळे घरातले सगळे टिटवीवरच पडे.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, एवढ्याशा घरात काम ते काय असणार? पण तिला पाय टेकायला वेळ मिळत नसे. सकाळी पाहावे तर खळग्यात मुंग्या शिरलेल्या असत, त्या हाकलायच्या. मग पिल्लांना चरायला न्यायचे, ओल्या मातीवर पाय आपटून किडे वर काढून दाखवायचे. ऊन चढले की सगळ्यांना पाण्यावर न्यायचे. स्वतःचे पोट पाण्यात भिजवून यायचे आणि त्या ओल्या पिसांखाली चौघांना गारव्याला घ्यायचे. तोवर कोणाला तरी पुन्हा भूक लागलेली असे.

ही सगळी कामे ती ओरडून करी. "टिटीव टिव!" म्हणजे उठा. "टिटीव टिव!" म्हणजे खायला या. "टिटीव टिव!" म्हणजे पाण्यावर चला, चिखलातून बाहेर या, भावाला चोच मारू नका. आणि आकाशात घार दिसली की असाल तिथे खाली बसा, हेसुद्धा "टिटीव टिव!"च.

बाभळीवर राहणारी साळुंकी म्हणे, "टिटवीवहिनी, सकाळपासून एकच पाढा चाललाय तुमचा. पोरांना पाठ झाला की नाही, कोण जाणे. मला मात्र झाला!"

"तुमची पोरं झाडावर आहेत हो," टिटवी म्हणे. "माझी जमिनीवर आहेत."

एके दिवशी ऐन दुपारी घार आली. टिटवीची पिल्ले रंगाने खड्यांसारखीच असतात. ती अंग चोरून स्वस्थ बसली, तर घारीला वरून नुसते खडेच दिसतात. टिटवीने जीव तोडून हाक मारली. ती ऐकून थोरला पाण्याकडे धावला. दुसरी चोच उघडून खाऊ मागायला आली. तिसऱ्याने मान उंच करून विचारले, "आता काय झालं?" आणि धाकटी तशीच खेळत राहिली.

घार सरळ धाकटीवर उतरली. टिटवी मधे झेपावली आणि घारीचा नेम चुकला. तिच्या नखांत धाकटीच्या पाठीवरची चिमूटभर पिसे तेवढी गेली. घार परतली, पण जाता जाता तिने ती जागा पाहून ठेवली.

टिटवीने धाकटीला पंखाखाली ओढून घेतले. ती म्हणाली, "मी एवढी ओरडले, तेव्हा बसला का नाहीत?"

थोरला बावरून म्हणाला, "आई, तू सकाळपासून ओरडतेच आहेस. त्यातलं बसायचं कोणतं?"



तळ्यातले कासवआजोबा त्या माळावर सर्वांत वडील होते. ऋतू, वारे, पक्ष्यांच्या वाटा यांविषयी त्यांना पुष्कळ ठाऊक होते. पण कोणी सल्ला विचारला की ते मान आत ओढून घेत. टिटवीने घडलेले सांगितले, तेव्हाही बराच वेळ नुसते कवचच दिसत राहिले.

"आजोबा, आत आहात ना?"

"आहे," आतून आवाज आला. "पण हे मला विचारू नकोस, पोरी. आमच्यात अंडी वाळूत पुरतात आणि निघून जातात. माझी पोरं समोर आली तरी मी ओळखणार नाही. मी तुला काय शिकवणार?"

"घार उद्या पुन्हा येईल, आजोबा. चुकलं तरी चालेल, पण काहीतरी सांगा."

"चुकलं तर चालणार नाही, हीच तर अडचण आहे," असे म्हणत कासवआजोबांनी मान बाहेर काढली.  मग म्हणाले, "तुझी हाक एक आणि कामं दहा. मला वाटतं, हाक फक्त घारीसाठी ठेवावी. बाकीच्या कामांना आवाज नको, खूण असू दे. बाभळीची सावली त्या चपट्या दगडाला टेकली की पाण्यावर जायचं. तू पाय आपटलास की खायला यायचं. पंख जरा पसरून बसलीस की पिसांखाली यायचं. आणि कोणी चिखलात शिरलं, तर इथून ओरडू नकोस. चालत जा आणि जवळ जाऊन सांग."

"चौघांमागे चालत? माझा दिवस त्यातच जाईल की हो!"

"सुरुवातीला जाईल. धाकटीला सांभाळून आणायचं काम थोरल्याला दे. संध्याकाळी किड्यांचे पंख, उरलंसुरलं लांब नेऊन टाकत जा, म्हणजे सकाळी मुंग्या येणार नाहीत. तेवढा वेळ हाती राहील." त्यांनी मान थोडी आत घेतली. "राहील असं वाटतं. मी काहीतरी विसरत असेन. तू नीट विचार करून बघ हं."

टिटवीने घरी जाऊन पिल्लांना जवळ घेतले. "आजपासून माझी हाक ऐकू आली तर ती घार. दुसरं काही नाही," असे तिने चौघांकडून वदवून घेतले.

पहिला दिवस वाईट गेला. सावली दगडाला टेकली आणि पुढे निघून गेली, तरी कोणाचे लक्ष नव्हते. टिटवीने एकेकाला चालत जाऊन आणले. तिसऱ्याला आणीपर्यंत दुसरी पळालेली असे. कितीदा तरी तिची चोच उघडली आणि तिने ती मिटून घेतली. न ओरडल्यामुळेच आज काही झाले तर, हा विचार तिला बसू देत नव्हता.

"काय वहिनी, घसा बसला, की पोरांवर रुसलात?" साळुंकीने विचारले.

टिटवी तशीच पळालेल्या दुसरीच्या मागे चालत गेली.

दुसऱ्या दिवशी खळग्यात मुंग्या आल्या नाहीत. सकाळ थोडी मोकळी मिळाली. त्या वेळात टिटवी पिल्लांना दगडापाशी घेऊन बसली आणि सावली कशी सरकते ते दाखवीत राहिली. चौथ्या दिवशी थोरला आपणहून ओरडला, "टेकली! चला रे!" आणि चौघेही एकामागे एक पाण्याकडे निघाले. टिटवी पाहतच राहिली.

पण तिची काळजी गेली नव्हती. ज्या हाकेवर चौघांचा जीव होता, ती तिने एकदाही मारून पाहिली नव्हती. उगीच मारून पाहावी, तर ती पुन्हा रोजचीच होऊन बसणार.

धाकटी म्हणाली, "आई, एकदा हाक मारून दाखव ना. कशी होती ते विसरले मी."

"नाही."

"एकदाच गं!"

"एकदाच मारायची आहे, म्हणूनच नाही," टिटवी म्हणाली आणि आकाशाकडे पाहू लागली.

सहाव्या दिवशी सावली दगडाला टेकली. पिल्ले रांगेने निघाली आणि उघड्या माळाच्या बरोबर मध्यावर असताना उन्हाच्या बाजूने घार आली. सावली सांगत होती चला, आणि टिटवीला सांगायचे होते थांबा.

"टिटीव टिव!"

चौघेही जागच्या जागी खाली बसले. त्यांनी माना जमिनीला टेकवल्या. आता माळावर पिल्ले नव्हती, चार खडे होते.

घार घिरट्या घालू लागली. तळ्याच्या कडेला कासवआजोबा मान ताणून पाहत होते. 'सावलीचं मीच सांगितलं. माझ्यामुळेच पोरं उघड्यावर आली,' असे त्यांच्या मनात येत होते, पण आज त्यांना मान आत घेववेना.

टिटवीच्या जातीला एकदा ओरडून थांबणे ठाऊक नसते. तिच्या घशाशी हाकांवर हाका येत होत्या. हलू नका, बाळांनो, हलू नका! पण दुसरी हाक ऐकली की कोणीतरी मान वर करून "काय झालं?" विचारणार, हे तिला माहीत होते. झेप घ्यावी, तर पिल्ले इथेच आहेत, हे घारीला कळणार. तिने चोच एका दगडावर दाबून धरली. धाकटीच्या पायावर एक मुंगी चढली. पाय थरथरला. टिटवीला तो दिसला. घारीची सावली चौघांवरून एकदा सरकत गेली, मग पुन्हा एकदा गेली. धाकटीचा पाय जागचा हलला नाही.

शेवटी घार कंटाळून टेकडीपलीकडे निघून गेली.

आकाश मोकळे झाले, तरी पिल्ले उठेनात.  तेवढ्यात तळ्यावरून कासवआजोबांचा आवाज आला, "अगं, उठायची खूण! ती सांगायचीच राहिली माझ्याकडून! दगड तापलेत, पोरं भाजतील!"

हाक मारून उपयोग नव्हता. हाक म्हणजे बसा. टिटवी क्षणभर गोंधळली. मग ती पळत पाण्यावर गेली, पोट भिजवून आली आणि पिल्लांच्या शेजारी पंख जरा पसरून बसली.

धाकटीने एक डोळा उघडला. "पंख!" ती म्हणाली. त्याबरोबर चारही खडे उठले आणि धडपडत ओल्या पिसांखाली शिरले.

कासवआजोबा काठावर आले होते. "मोठी चूक झाली असती माझी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी सांगायलाच नको होतं."

"तुम्ही पंख पसरायला सांगितलं होतंत, आजोबा," टिटवी म्हणाली. "आज तेच उपयोगी पडलं. आता मान आत घेऊ नका. घार उद्याही येईल."

"मी उद्याचाच विचार करतोय," कासवआजोबा म्हणाले.

थोड्या वेळाने पिसांखालून धाकटीचा आवाज आला, "आई, हाक तर पूर्वीसारखीच होती की गं. मग आज आम्हाला कशी कळली?"

"आज सकाळपासून तुम्ही दुसरी ऐकली नव्हती ना, म्हणून," टिटवी म्हणाली. तिचे डोळे आकाशाकडे होते आणि चोच मिटलेली होती.

तात्पर्य : रोजच्या कामांना खूण आणि वेळ ठरवून द्यावी, सांगायचे ते जवळ जाऊन सांगावे आणि मोठा आवाज संकटासाठी राखून ठेवावा, तरच संकटात तो ऐकला जातो.