लव्हाळ्यापलीकडचं पाणी

माणसांनी तळ्यांना नावं द्यायच्याही आधीची गोष्ट. एका तळ्याच्या मधोमध उंच, दाट लव्हाळा माजला होता. नव्याने येणाऱ्याला जागा समजावून सांगायचं काम म्हाताऱ्या बगळ्याकडे होतं. पाणमांजर राहायला आलं तेव्हा तो म्हणाला, "लव्हाळ्याच्या अलीकडचं पाणी तुझं. हवं तसं वापर."

मासे उथळ पाण्यात सापडावेत म्हणून पाणमांजराने तळ्याच्या काठाचा बांध थोडा फोडून पाणी सोडलं.

लव्हाळ्यापलीकडे टिबुकली या छोट्या पाणपक्षिणीचं तरंगतं घरटं हळूहळू चिखलाला टेकलं. काठावरच्या कोल्ह्याने चिखलात पाय टाकून पाहिला. पाय रुतला नाही; आता घरट्यापर्यंत चालत जाता येणार होतं. टिबुकलीने ते पाहिलं. तिने अंडी शेवाळाने झाकली आणि लव्हाळ्यातून घुसत ती ओरडली, "अरे, माझं पाणी कुणी सोडलं?"

"तुझं? मी तर माझं सोडलं!" पाणमांजर दचकलं. कोल्हा दिसताच ते दात विचकून त्याच्या अंगावर धावलं. कोल्हा पळाला. मग पाणमांजराने घाईघाईने बांध बुजवला. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याचं पाणी भरत गेलं आणि संध्याकाळी घरटं पुन्हा तरंगू लागलं.

हे सगळं कळल्यावर बगळा ओशाळला. "यापुढे सांगेन, पाणी जपून वापरा."

"मी जपूनच फोडला होता बांध," पाणमांजर म्हणालं.

टिबुकली म्हणाली, "बगळेआजोबा, लव्हाळ्याच्या दोन्ही बाजूंना एकच पाणी आहे, एवढं सांगा. इकडे सोडलं की तिकडेही आटतं."

पुढे एक कासव आलं. बगळ्याने त्याला अगदी हेच सांगितलं. कासवाने पाण्यात उतरण्याआधी विचारलं, "पलीकडे कोण राहतं?"