पोखरणारीचं माहेर

हाडं एकमेकांशी गप्पा मारत, त्या काळची गोष्ट. मांडीच्या एका हाडात रचू नावाची गवंडी पेशी राहायची. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशींवर तिचा भारी राग. "आम्ही बांधायचं आणि तुम्ही खायचं? निघा!" म्हणत तिने सगळ्यांना पिटाळलं आणि ती बांधतच सुटली. भिंती फुगल्या. आतली पोकळी, म्हणजे रक्तपेशी जिथे जन्मतात ती बाळंतिणीची खोली, पार आक्रसली.

घाबरून रचूने पोखरणाऱ्यांना साद घातली. रक्तातून आल्या त्या चिमुकल्या पेशी.

"तुम्ही गं काय फोडणार?" रचू हिरमुसली.

खिदळत त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मिसळून एकच धिप्पाड पेशी झाली. ती भिंत कुरतडू लागली.

"माहेर कुठलं गं तुझं?" रचूने विचारलं.

"ती आतली खोलीच की, ताई! आम्ही सगळ्या तिथेच जन्मलो, जागा होती तेव्हा."