मागे केलेला हात

कापडपेठेतले कस्तुरशेट एकदा दुकानाच्या पायरीशी गजरे विकणाऱ्या म्हाळसाबाईंवर डाफरले, "उठा इथून! गरिबी म्हणजे नुसता आळस. माझं सगळं गेलं, तरी मी वर्षात पुन्हा शेट होईन!"

"मग करा की आत्ताच सुरुवात. जमलं तर उठते," म्हाळसाबाई म्हणाल्या.

बघे जमले. शेटांनी पगडी, अंगठ्या, जोडे उतरवून पायरीवर ठेवले. ऐटीत उभे राहिले आणि सवयीनं, न बघताच, हात मागे केला. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या गड्यानं त्यावर विडा ठेवला. शेटांनी तो तोंडात टाकला.

म्हाळसाबाई हसल्या. "शेट, रिकाम्या हातांनी सुरुवात आम्हीही केली. पण आमच्या मागे कुणी उभं नव्हतं."

शेटांना ठसका लागला. "बसा इथंच," ते हसत म्हणाले, आणि पगडी उचलायला पहिल्यांदाच स्वतः वाकले.