तीन वाळल्या, एक ओली

गाड्यांचं दुखणं नुसत्या कानानं ओळखणाऱ्या दादाला स्वतःच्या छातीतलं दुखणं कसं ऐकू आलं नाही? धाकट्या हणमंतानं डॉक्टरला विचारलं, आईला विचारलं.

तेरावं उरकताच गाळ्याचे मालक धैर्यशीलराव आपली बंद पडणारी गाडी ट्रॅक्टरला बांधून दादाच्या गॅरेजवर आले. सोबत शहरातला इंजिनिअर होता.

"तुझा दादा गेला, आता गाळा रिकामा कर. हे साहेब म्हणतात, अख्खं इंजिन उतरवावं लागेल. तुला काय जमणार? शिकलास किती?"

"चौथी!" हणमंत उसळला. "पण गाडी नीट केली, तर गाळा सोडणार नाही."

"कर तर खरं!"

हणमंतानं गार इंजिन चालू केलं. ते अडखळत थरथरू लागलं. खिळ्यावरचा दादाचा पत्र्याचा मग भरून त्यानं मिनिटभरानं एकेका सिलिंडरचा धूर नेणाऱ्या चारही नळ्यांवर पाणी शिंपडलं.

"आंघोळ घालतोस काय रे?" इंजिनिअर हसला.

तीन नळ्यांवरचं पाणी चर्रकन उडालं. चौथी ओलीच राहिली. "हणम्या, जो राबतो तोच तापतो," दादा म्हणायचा. हणमंतानं चौथ्या सिलिंडरचा प्लग बदलला, तशी गाडी एका लयीत चालू लागली.

"मालक, चौथ्या सिलिंडरपर्यंत मोजायला चौथी पुरते. अख्खं इंजिन उतरवायला मात्र इंजिनिअरच लागतो."

धैर्यशीलराव खो खो हसले. "राहा बाबा, गाळा तुझाच!"

गाडी गेल्यावर हणमंतानं मग घासला, ताज्या पाण्यानं भरला आणि दादाच्या फोटोपुढं ठेवला.