सायबाईंची स्वारी

“यंदा दसऱ्याच्या मिरवणुकीत अंबारीत आमची सायबाई बसेल!” भैरोजीराजांनी भर दरबारात फर्मावलं.

सायबाई म्हणजे राजांची लाडकी मांजर. दिवाणजी चाचरत म्हणाले, “महाराज, मांजर... अंबारीत?”

“का नाही? गेल्या वर्षी शेजारच्या राजानं मिरवणुकीत वाघ फिरवला. ही तर वाघाची मावशी! भाच्यापेक्षा मावशीचा मान मोठा की नाही?”

नात्यात खोट काढता येईना. दिवाणजींनी हुकूम लिहून घ्यायला बोरू उचलला.

“तिला बांधायचं नाही, पिंजऱ्यात घालायचं नाही, हात लावायचा नाही. त्या दिवशी आम्हांला जो मान, तोच तिला. तिच्यापुढे कुणी जायचं नाही. आम्हीसुद्धा घोड्यावरून मागे येऊ! आणि हैबती, मिरवणूक सोडून ती गेली, तर चंपाकळी दुसऱ्या माहुताकडे जाईल!”

हैबती माहूत रडवेला होऊन घरी आला. चंपाकळी हत्तीण एवढीशी होती, तेव्हापासून त्यानं तिला वाढवलं होतं. त्याची मुलगी सगुणी तिच्याच पायांशी खेळत मोठी झालेली. सगुणीनं बापापुढे जेवणाचं ताट ठेवलं.

“आबा, नगारा वाजल्यावर मांजर बसून राहील?”

“नगारा? अगं, पातेल्याचं झाकण पडलं तरी ती माळ्यावर पळते!”

“मग पळू दे.”

“पळू दे? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“गेल्या दसऱ्याला महाराज जिलेबी खायला मध्येच उतरले होते ना? तेव्हा मिरवणूक काय करत होती?”

“काय करणार? दुकानापुढे उभी! स्वारी जिथं, मिरवणूक तिथं. आजापणजापासूनची रीत आहे ती.”

“झालं तर मग! जेवा आता,” सगुणी म्हणाली आणि चंपाकळीला ऊस घालायला गेली.

दसरा उजाडला. सायबाई अंबारीत मखमली गादीवर बसल्या. गळ्यात मोत्यांचा सर, चेहऱ्यावर साऱ्या जगाचा कंटाळा. चंपाकळीनं वाड्याबाहेर पाऊल टाकलं. मागे नगाऱ्यावर पहिली टिपरी पडली, धडाम!

सायबाई अंबारीतून चंपाकळीच्या पाठीवर, तिथून कुणा सरदाराच्या पगडीवर आणि पगडीवरून थेट कुंभारआळीत!

“पळाली!” राजे ओरडले. “हैबती, चंपाकळी गेली तुझ्या हातून!”

पण तेवढ्यात चंपाकळीच्या बाजूनं चालणाऱ्या सगुणीचा आवाज खणखणला, “स्वारी कुंभारआळीकडे वळली हो! चला, चला! मान राखा!”

भालदार रीतीचे पक्के. ते वळले. त्यांच्यामागे नगारे वळले, घोडे वळले, निशाणं वळली. पुढे मांजर आणि मागे सगळं राज्य! वाळत घातलेल्या गाडग्यांमधून सरदार तुमान सावरत उड्या मारू लागले. सायबाई परसातून गेल्या, तर मिरवणूक परसातून. सायबाई गोठ्यातून गेल्या, तर मिरवणूक गोठ्यातून. एक म्हातारी शेण थापता थापता थांबली आणि गोंधळून राजांच्या घोड्यालाच नमस्कार करून बसली.

अखेर सायबाई एका कौलारू छपरावर चढल्या, अंग चाटलं आणि झोपल्या.

“शूः!” सगुणीनं हात वर केला. “स्वारी विश्रांती घेते आहे!”

नगारे थांबले. राजे लालबुंद होऊन पुढे आले. “हैबती! मांजर मिरवणूक सोडून गेली!”

“सोडून कुठं गेली, महाराज?” सगुणी म्हणाली. “मिरवणूक तर तिच्या पाठीशीच उभी आहे!”

“ती अंबारीतून उतरली, पोरी!”

“गेल्या वर्षी महाराजही उतरले होते. जिलेबीसाठी. महाराज मिरवणूक सोडून गेले, असं म्हणायची कुणाची छाती आहे?”

दिवाणजींना अचानक खोकला आला.

“बरं, बरं! पण सीमोल्लंघनाचं काय? सूर्य कलला! शमीचं झाड गावाच्या वेशीबाहेर, आणि ही इथं घोरते आहे!”

“सायबाईंनी जन्मात वाड्याचा उंबरा ओलांडला नव्हता, महाराज. आज ओलांडला. त्यांचं सीमोल्लंघन केव्हाच झालं! खोळंबलंय ते आपलं. आणि त्यांच्यापुढे कुणी जायचं नाही, असा तर आपलाच हुकूम! आता त्या उठेपर्यंत थांबा, नाहीतर हुकूम मागे घ्या!”

राजांनी छपराकडे पाहिलं. सायबाईंनी झोपेतच कूस बदलली. राजांच्या मिश्या थरथरल्या, पोट हललं, आणि मांजर जागी होऊ नये म्हणून फेट्याचा शेमला तोंडात कोंबून ते गदगदा हसले!

“हुकूम मागे!” डोळे पुसत ते म्हणाले. “हैबती, चंपाकळी जन्मभर तुझ्याच हाती राहील. आणि पोरी, पुढच्या दसऱ्याला अंबारीत तू बसायचं!”

“बसेन, महाराज. पण मी मध्येच उतरले तर?”

“उतर की! फक्त जिलेबीच्या दुकानाशी उतर!”