ठकूबाई आणि आतड्याची भिंत

फार जुनी गोष्ट. तेव्हा माणसाच्या पोटातले जंतू चांगले मोठ्यानं बोलायचे. हल्ली नुसतेच गुरगुरतात.

गुणाजीराव गावचे खोत झाले आणि त्यांना खरखरीत भाकरीची लाज वाटू लागली. बायकोला म्हणाले, "यमुने, यापुढं पीठ वस्त्रगाळ हवं. कोंडा खातात ती गुरं!"

त्यांच्या आतड्यात जंतूंची म्होरकी ठकूबाई राहायची. कोंडा हाच तिच्या लेकरांचा घास. तो वर फडक्यातच अडकला, आणि खाली लेकरं उपाशी रडू लागली. शेवटी ठकूबाईनं आतड्याच्या भिंतीकडं पाहिलं.

"अगं, मी तुझी शेजारीण!" भिंत थरथरली. "मी फुटले तर धनीही मरेल आणि तूही."

"फुटशील तेव्हा बघू. पोरं आत्ता रडताहेत."

पोरं भिंतीचा गिलावा चाटू लागली. वर गुणाजीराव कळवळून आडवे झाले. वैद्यबुवांनी काढा पाजला, पण कळ थांबेना. खाली गिलावा संपत आला. एका द्वाड पोरानं तर थेट भिंतीला दात लावला.

नवरा असा विव्हळत असताना पीठ गाळत कोण बसतंय? यमुनाबाईंनी तशीच भाकरी थापली, ताकात कुस्करली आणि भरवली.

कोंडा खाली पोचला! पोरं भिंत सोडून त्यावर तुटून पडली. पोटं भरल्यावर ठकूबाई भिंत सारवायला बसली. वर वैद्यबुवा आपल्याच काढ्याचे गुण गात होते.

"हळू गं, झोंबतंय," भिंत म्हणाली.

"सोस आणि लवकर वाळ. धनी बरा झालाय. उद्या पुन्हा वस्त्रगाळ मागेल."