धैवताची वाटी

चिनीमातीच्या वाट्यांनाही बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. एका शाळेच्या गायनवर्गात जलतरंग होता. सात वाट्या, त्यांत कमीजास्त पाणी आणि वाजवायला दोन बारीक काड्या. षड्जाची थोरली वाटी गळ्यापर्यंत भरलेली असायची. तिच्याकडे बघून धैवताची छोटी वाटी मनात झुरायची.

रेवा नुकतीच शिकायला लागली होती. "धैवत उतरलाय गं," बाई म्हणाल्या, "चढव जरा." रेवाला वाटलं, पाणी वाढवलं की स्वर चढेल. ती ओतत गेली आणि वाटी म्हणत राहिली, "अजून घाल." स्वर आणखीच उतरला. रेवा रडकुंडीला आली. "हिच्यातच खोट आहे! डबा खाऊन आले की हिला खडू ठेवायला देऊन टाकते."

मधल्या सुट्टीत वर्ग पेंगत होता. खिडकीतून एक चिमणी आली. "ताई, दोन घोट घेऊ? बाहेर सगळं आटलंय."

एरवी वाटीने तिला हाकललंच असतं. आज म्हणाली, "घे बाई. खडूंना कशाला हवंय पाणी?"

चिमणी प्यायली, मग तिच्या मैत्रिणी आल्या. पाण्यात उन्हाचे कवडसे हलत राहिले. वाटी हलकी होत गेली, इतकी की आपण तरंगतोय असंच तिला वाटलं.

रेवा परतली. काड्या बाजूला घेऊन वाटी उचलायला गेली, तर हातातली एक काडी सहज काठाला लागली. असा लख्ख धैवत उमटला की दारावरून जाणाऱ्या बाई थबकल्या.

दुसऱ्या दिवशी रेवा तांब्या घेऊन आली. तिने जेमतेम ओतलं असेल, तोच वाटी म्हणाली, "पुरे गं. राहिलेलं खिडकीत ठेव."